डॉली धरणारे

माझ्या विमानाच्या शेपटाजवळ स्टीलची एक छोटी पट्टी बसवलेली आहे. आग लागली तरी ती टिकली पाहिजे, असा अमेरिकेतल्या विमान-नियमांचा दंडक आहे. तिच्यावर विमानाचं मॉडेल, अनुक्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. नाव माझं आहे, एकट्याचं. वर्षातून एकदा या विमानाची तपासणी करून सही करण्याचा जो परवाना बांधणाऱ्याला मिळतो, तोही एका विमानामागे एकाच माणसाला मिळतो. तोही माझ्याच नावावर आहे.

पट्टीवर बायकोचं नाव नाही, बाबांचं नाही, आणि हातात आरसा आणि टॉर्च घेऊन शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या त्या निवृत्त मेकॅनिकचंही नाही. या तिघांविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं.

आधी रिव्हेटविषयी सांगायला हवं, नाहीतर ऋण कसलं ते कळणार नाही. आमचं विमान म्हणजे आरव्ही-९ए, दोन माणसांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्यात हजारो रिव्हेट आहेत आणि त्यातले बरेचसे मारायला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून हवेवर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर धरतो. दुसरा आतून रिव्हेटच्या शेंड्यावर पोलादाचा जड ठोकळा टेकवून धरतो. बाबा त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. गन धडधडते, शेंडा डॉलीवर चेपतो आणि त्याची चपटी घुंडी तयार होते. ती रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच व्हायला हवी. कमी चेपली तर पकड राहत नाही, वाकडी चेपली तर रिव्हेट काढून पुन्हा मारावा लागतो. गन धरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त गुळगुळीत डोकं असतं. जमलं की नाही, हे आतला माणूस सांगतो. लोक विमानाजवळ येऊन बाहेरच्या ओळींचं कौतुक करतात तेव्हा मला संकोच वाटतो, कारण विमान धरून ठेवलंय ते आतल्या बाजूने.

आतली बाजू बहुतेक बायकोची आहे. तिला विमानाचं वेड कधीच नव्हतं, आजही नाही. ऑरेगनमध्ये हिल्सबरोला आमचं घर आहे. ऑक्टोबर लागला की पाऊस सुरू होतो तो वसंतापर्यंत थांबत नाही, आणि गॅरेजमधला पत्रा हाताला बर्फासारखा लागतो. मुलांची जेवणं झाली की ती जुना स्वेटर चढवून, कानाला मफ लावून यायची. शेपटाकडचा भाग वरून बंद करायची वेळ आली तेव्हा तिला आत सरपटत जावं लागलं. खाली गोधडी, कपाळावर दिवा. कानावर मफ असल्याने बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिने खूण ठरवली: डॉलीने पत्र्यावर एक टकटक म्हणजे झालं, दोन म्हणजे अजून थोडं, तीन म्हणजे काढ. तिची तीनची टकटक आली की मी वाद घालत नसे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून नऊ वाजता थांबायचं, हाही नियम तिचाच.

हे किट एकदम घ्यावं लागत नाही. आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग बाकीचं, असे टप्पे असतात. इंजिन वेगळं, आणि ते सगळ्यात महाग. पंख पुरे झाल्यावर माझाच धीर सुटला होता. मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर दिसत होता. घराचा हिशेब बायकोच ठेवते. तिने वही काढली, रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "धड मागव. अर्धं विमान मला घरात नकोय." त्या एका वाक्याचं मोल मी कुठल्या वहीत मांडणार?

बाबा एस.टी.त होते. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसची बॉडी बांधण्याच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. चॅसिसवर सांगाडा उभा राहिला की त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवून रिव्हेट मारायचे, हे त्यांचं काम. पण मी त्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. गेटच्या आत घरच्यांना प्रवेश मिळे तो फक्त खंडेनवमीच्या पूजेला. त्या दिवशी यंत्रं धुतलेली, हळद-कुंकू लावलेली, झेंडूच्या माळा घातलेली आणि बंद. मी बाबांची हत्यारं पाहिली ती अशी, फुलांखाली झोपलेली. माझी इंजिनिअरिंगची फी त्यांच्या ओव्हरटाइममधून गेली, एवढंच मला माहीत होतं. त्या ओव्हरटाइमचा आवाज कसा असतो, हे ठाऊक नव्हतं.

ते उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा धडाच्या बाजूचे पत्रे चढवायचे होते. पहिल्याच दिवशी ते गॅरेजमध्ये गेले आणि पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "माल चांगला आहे. पण फार पातळ." मग क्लेको हातात घेऊन बघितले. पत्रे तात्पुरते जोडून ठेवायच्या या स्प्रिंगच्या पिना आहेत. भोकात घालून चिमट्याने सोडल्या की घट्ट बसतात. त्यांनी एक लावली, काढली, परत लावली आणि हसले. मी कोपऱ्यापासून रिव्हेट मारायच्या बेतात होतो. "थांब," ते म्हणाले. "मधून बाहेर ये. कडेने सुरुवात केलीस तर मधे पत्रा फुगेल आणि जन्मभर टणटण वाजेल." किटच्या पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. पुस्तकात वाचलेलं आणि अंगठ्याने पत्रा दाबून दाखवलेलं यात फरक असतो.

शनिवारी मेकॅनिक आजोबा आले. आजोबा हे नाव मुलांनी दिलेलं. एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये त्यांनी आयुष्यभर पत्रेकाम केलं, आणि निवृत्तीच्या आधीच स्वतःच्या घरी एक आरव्ही-६ बांधलं. त्या काळच्या किटमध्ये भोकंसुद्धा पाडलेली नसत. एकेक भोक आखून पाडावं लागे. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संस्था १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये सुरू केली. तिचे अनुभवी सभासद तांत्रिक सल्लागार म्हणून दुसऱ्यांचं काम तपासायला जातात आणि त्याचा एक पैसा घेत नाहीत. आजोबा त्यातले. पोह्यांना मात्र त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि मिरची कमी करू नका असं पहिल्याच वेळी सांगितलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आल्यावर बोलायचं नाही. टेबलाभोवती एक फेरी, मग गुडघ्यावर बसून आरसा आत घालायचा. मग मला डोळे मिटायला लावून पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवायला सांगायचं. जिथे बोट अडखळेल तिथे कानस. ॲल्युमिनियम आपल्यावर पडलेला कुठलाच भार विसरत नाही, असं ते म्हणत. पोलादाला एका मर्यादेखालचे धक्के कितीही बसले तरी चालतात. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, प्रत्येक हादरा त्याच्या खात्यात जमा होत राहतो. आणि भेग सुरू होते ती एखाद्या ओरखड्यापासून, न घासलेल्या भोकाच्या कडेपासून. विमान पडतं ते बहुधा कोणीतरी आळस केला म्हणून, असं सरळ सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

त्या शनिवारी त्यांनी गन घेतली आणि बाबांकडे डॉली सरकवली. बाबांचं इंग्रजी म्हणजे टाइट, लूज, ओके, फिनिश. दुपारपर्यंत त्याच्यापुढे कोणाला जावं लागलं नाही. बाबा डॉलीचं वजन आधी हातात तोलून बघत, मग रिव्हेटवर टेकवत, आणि गन थांबायच्या आधीच हात सैल सोडत. घुंडी झाली हे त्यांना हाताच्या थरथरीतून कळत होतं. आजोबांनी मापक काढून ती सगळी ओळ तपासली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यांनी कुठली विमानं बांधली?" मी म्हटलं, "बस. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्या बस." ते म्हणाले, "म्हणजे माणसं बसायची त्यात. तेच काम." चाळिशी ओलांडल्यावर मी बाबांना काम करताना पहिल्यांदा पाहिलं, तेही हिल्सबरोच्या गॅरेजमध्ये, एका परक्या माणसाने हातात डॉली दिली म्हणून. हे ऋण आजोबांचं की बाबांचं, मला अजून सांगता येत नाही.

ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशांचंही देणं आहे. ते मला आजोबांनीच दाखवलं. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर बीव्हर्टन आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिथे घरी विमानं बांधणाऱ्यांचा एक कंपू होता. ऑरेगन राज्य अशा विमानांना परवानगी देई. केंद्राच्या नियमांत त्यांना जागा नव्हती. कंपूतल्या जॉर्ज बोगार्डस यांनी १९४७ साली एक छोटं एकआसनी विमान घेतलं आणि ऑरेगनहून थेट वॉशिंग्टन डी.सी. गाठलं, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरी बांधलेलं विमान सुरक्षित उडू शकतं, हे अधिकाऱ्यांना त्यांच्या दारात नेऊन दाखवायचं होतं. पुढे हौशी माणसांनी बांधलेल्या विमानांचा वेगळा वर्ग कायद्यात आला. ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेलं असावं, ही आजच्या नियमातली अट मला फार आवडते. सरकारी कागदावर आनंद हे कारण म्हणून क्वचितच छापलेलं सापडतं.

याच ऑरेगनमध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली व्हॅन्स एअरक्राफ्ट सुरू केली. आरव्ही ही त्यांच्याच नावातली अक्षरं. त्यांच्या आराखड्यांवरून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. म्हणजे मी अडलो तर माझ्याआधी त्याच भोकापाशी अडलेला कोणीतरी असतोच.

हे मी विसरू शकत नाही ते अमोल यादव यांच्यामुळे. कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने विमान बांधलं. २०१६ साली मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्यांच्याकडे किट नव्हतं, आणि नोंदणी आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी त्यांनी दिलेला लढा विमान बांधण्याइतकाच मोठा होता. माझ्या हाताशी किट होतं, कायदा होता, शनिवारी येणारे आजोबा होते. आमच्या दोघांच्या कामाला एकच नाव द्यायला माझी जीभ वळत नाही. गच्चीवरच्या त्या माणसासाठी बोगार्डस होऊन गेलेला नव्हता. तेही त्यालाच व्हावं लागलं.

पहिल्या उड्डाणाबद्दल फार लिहीत नाही. आजोबांनी मला आधी याच जातीच्या विमानात रीतसर प्रशिक्षण घ्यायला लावलं. सकाळी वारा पडलेला होता. ऑरोराच्या धावपट्टीवरून विमान सुटलं, दूर हूड पर्वत दिसत होता, मी तो पाहिला नाही; तेलाचा दाब आणि तापमान पाहत होतो. चाचणीचे ठरलेले तास पुरे होईपर्यंत वैमानिकाशिवाय कोणाला बसवता येत नाही. ते संपल्यावर पहिली बसली ती बायको. वर गेल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मान वळवून मागे बघत म्हणाली, "इथून आत होते मी." आणि लगेच, "तुझा पट्टा नीट लाव."

बाबा पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना विमानापाशी नेलं. त्यांनी वरचं काचेचं झाकण उघडायच्या आधी टॉर्च मागितला. सामान ठेवायच्या जागेमागचा पत्रा मला काढायला लावला आणि आत डोकं घातलं. "तिसरी चौकट, डावी बाजू. ही माझी," ते म्हणाले. पुढे दिवा फिरवून, "ही सूनबाईची. पोरीने सफाईने धरलंय." मग बसले.

आम्ही किनाऱ्याच्या डोंगरांवरून टिलामूकला गेलो. महायुद्धात फुगीर हवाई जहाजांसाठी बांधलेला लाकडी हँगर तिथे अजून उभा आहे, हजार फुटांहून लांब. आजोबा त्यांचं आरव्ही-६ घेऊन आमच्या आधीच पोचले होते. बाबांनी हँगरकडे एकदा मान वर करून पाहिलं, लाकूड कुठलं ते विचारलं, आणि माझ्या बाहीला धरून म्हणाले, "यांचं विमान आतून बघायचंय. विचार त्यांना."

आजोबांनी आनंदाने पत्रा काढला. बाबा बराच वेळ आत होते. बाहेर येऊन त्यांनी विचारायला लावलं, "उजवीकडची खालची ओळ कोणी धरली होती?"

"माझ्या थोरल्या मुलीने," आजोबा म्हणाले. "तेव्हा ती शाळेत होती. माझा हात तिथे पोचत नव्हता."

बाबांनी टॉर्च बंद करून माझ्या हातात दिला. "त्यांना सांग, मुलीचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे."

मी सांगितलं. आजोबा मोठ्याने हसले आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मुलीला फोन लावला.