अदर्शन आणि लोप

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या आज्ञावलीविषयी लिहावे, हा कित्येकांना अधिक्षेप वाटेल. मलाही तो बराच काळ तसाच वाटत होता. माझे संशोधन कार्डांवर झाले. शब्द दिसला की कार्ड घ्यावे, वर शब्द, खाली वाक्य, कोपऱ्यात पृष्ठांक, अशी माझ्या मार्गदर्शकांची शिस्त होती. शब्द शोधणे म्हणजे तो डोळ्यांनी पाहणे, यापलीकडे दुसरी व्याख्या आमच्यापाशी नव्हती. ही व्याख्या अपुरी आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत एका विद्यार्थिनीच्या प्रबंधामुळे कळले. त्या प्रसंगात चूक माझीही होती, म्हणून ही हकीगत नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

विद्यार्थिनीचा विषय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मासिकाच्या शब्दकळेचा होता. दहा वर्षांचे अंक दोन टंकलेखकांकडून संगणकावर उतरवून घेतले होते: पहिली सहा वर्षे एकाकडून, उरलेली चार दुसऱ्याकडून. पुढचे काम तिने स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्यांनी केले. मजकुराचे तुकडे पाडणे, शब्द मोजणे, शोधणे, बदलणे आणि क्रम लावणे या कामांसाठी प्रत्येक संगणकभाषेत तयार साधने असतात. त्यांना फंक्शन म्हणतात, आणि ती ज्या चिन्हांच्या माळेवर चालतात तिला स्ट्रिंग. पाचव्या प्रकरणात तिने दाखवले होते की, ‘तऱ्हा’ हा फारसीच्या वाटेने आलेला शब्द आणि ‘तऱ्हेचा’, ‘तऱ्हेने’ ही त्याची रूपे पहिल्या सहा वर्षांत वारंवार येतात व सातव्या वर्षापासून जवळजवळ नाहीशी होतात. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाल्यानंतर रूढ होत गेलेल्या संस्कृतप्रचुर शैलीशी तिने या घटीचा संबंध जोडला होता. विवेचन नेटके होते. मी समासात ‘उत्तम निष्कर्ष’ असे लिहिले.

प्रबंध सादर होण्यास पंधरा दिवस उरले असताना, वेगळ्याच कामासाठी मी सरांच्या कार्डांची जुनी पेटी उघडली. सर आता नाहीत. पेटी त्यांच्या कुटुंबीयांनी विभागाला दिली आहे. ‘त’च्या कप्प्यात त्याच मासिकाच्या शेवटच्या चार वर्षांतील ‘तऱ्हे’ची अकरा कार्डे होती. विद्यार्थिनीच्या तक्त्यात त्या चार वर्षांत मिळून दोनच आढळ होते. मी कार्ड काढले, पृष्ठ उघडले. शब्द छापील पानावर होता आणि संगणकाच्या पडद्यावरही होता. शोधणाऱ्या फंक्शनला मात्र तो सापडत नव्हता.

याचे कारण समजण्यास आम्हाला दोन दिवस लागले. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक चिन्हसंहितेत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे. त्यात क, ख, ग यांना जशी स्वतंत्र जागा आहे, तशीच काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह यांनाही आहे. जोडाक्षरांना मात्र नाही. जोडाक्षर हे व्यंजन, हलन्त चिन्ह आणि पुन्हा व्यंजन अशा क्रमाने साठवले जाते आणि त्याची आकृती पडद्यावर घडवली जाते. आपल्या मराठीतील आडवा रफार दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे एक चिन्ह येते. ते डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या रीतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त चिन्ह एवढेच येते. पडद्यावर दोन्हींची आकृती एकच. आमच्या पहिल्या टंकलेखकाचा कळफलक पहिल्या रीतीचा होता, दुसऱ्याचा दुसऱ्या. विद्यार्थिनीने शोधासाठी लिहिलेला शब्द पहिल्या रीतीचा निघाला. सातव्या वर्षी बदलली होती ती मासिकाची शैली नव्हे. टंकलेखक बदलला होता. दोन आढळ तेवढे पहिल्याने नंतर दुरुस्त केलेल्या पानांवरचे होते.

मुलगी फार घाबरली. “मॅडम, अदृश्य चिन्हे काढून टाकणारे फंक्शन आहे, ते चालवते,” असे म्हणून तिने त्याच रात्री सगळा मजकूर ‘स्वच्छ’ केला. सकाळी आलेल्या शब्दसूचीत एका मेजवानीच्या वर्णनातले ‘आचाऱ्यास’ हे रूप ‘आचार्यास’ झालेले दिसले. जोडक गेला की आडव्या रफाराचा साधा रफार होतो. स्वयंपाकी गुरुपदाला पोहोचला, डोंगरांतल्या दऱ्यांचा दर्या झाला. व्याकरणाच्या तासाला हीच उदाहरणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. ती अशी माझ्यासमोर उभी राहतील असे वाटले नव्हते.

त्या दिवशी मला पाणिनी आठवला. आगम, आदेश आणि लोप या त्याच्या तीन संज्ञा आपल्याला पाठ असतात. घालणे, एकाच्या जागी दुसरे ठेवणे आणि काढणे: मजकुरावर चालणाऱ्या बहुतेक फंक्शनांचे काम या तिहींत बसते. पण पाणिनी लोपाची व्याख्या अदर्शनाने करतो. जे असायला हवे होते आणि आढळत नाही, ते लुप्त. येथे प्रकार उलटा होता. जोडक दिसत नव्हता, परंतु लोपलेला नव्हता. आपल्या जागी राहून अर्थ सांभाळत होता. उलट ‘तऱ्हा’ डोळ्यांना धडधडीत दिसत असून यंत्राच्या लेखी लुप्त होता. दर्शन आणि अस्तित्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भान आम्हा दोघींनाही नव्हते.

त्यानंतर मी विद्यार्थिनीच्या शेजारी बसून ही फंक्शने एकेक तपासली. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन या भाषेला विचारली, तर ती पाच सांगते: म, र, काना, ठ, वेलांटी. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे बाइट मोजणारे सी भाषेतील जुने फंक्शन पंधरा सांगते. आपण तीन म्हणतो. यांतले कोणतेच उत्तर खोटे नाही. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. छंदःशास्त्राला हवे ते तीन. त्यासाठी एक साधे सूत्र पुरते: व्यंजने आणि स्वतंत्र स्वर मोजावेत व त्यांतून हलन्त चिन्हे वजा करावीत. ‘भक्ती’मध्ये तीन व्यंजने, एक हलन्त चिन्ह, म्हणून अक्षरे दोन. ‘अर्थात्’मध्ये चारांतून दोन जाऊन दोन. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार ही मोजणी या सूत्राने तपासता येते.

शब्द उलटा करणारे फंक्शनही उद्बोधक आहे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट सारखेच, हे शाळकरी मुलेही जाणतात. यंत्राने ते उलटले की आरंभीच एक निराधार काना लटकतो आणि वाक्य विलोम नाही असा निर्वाळा मिळतो. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्य पंडिताने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. ते सुलट वाचता रामकथा, उलट वाचता कृष्णकथा. त्याचे एकक अक्षर होते, स्वरचिन्हाला तो व्यंजनापासून तोडत नव्हता. नावाचे आद्याक्षर काढणारे फंक्शन ‘ज्ञानेश्वर’चे आद्याक्षर ‘ज’ देते, तेही याच कारणाने. वाचकाला एक वाटणारे चिन्ह कोठे संपते याचे नियम युनिकोडने स्वतंत्रपणे दिले आहेत; परंतु देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांनुसार ‘क्त’चे दोन तुकडे होत.

आता प्रश्न प्रबंधाचा होता. सगळे ऱ एका रीतीचे करून टाकावेत, हा सोपा मार्ग. पण पाठचिकित्सेचा संस्कार आड आला. आपण मूळ पाठ दुरुस्त करीत नाही. पाठभेद तळटीपेत देतो. म्हणून आम्ही मजकुराच्या दोन प्रती केल्या. पहिली, टंकलेखकांनी दिली तशी, अस्पर्श ठेवली. दुसरी केवळ शोधासाठी. तिच्यात नुक्त्याचा ऱ हलन्त असेल तेथेच त्याच्या जागी साधा र, हलन्त चिन्ह आणि जोडक हा आदेश केला. २००८ मध्ये ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळण्यापूर्वी ते अ आणि अर्धचंद्र मिळून लिहिले जाई. इंग्रजी नावांसाठी त्या दोन रूपांचेही एकीकरण केले. कोणते बदल केले याची यादी परिशिष्टात दिली. मग पुन्हा मोजले. ‘तऱ्हा’ दहाही वर्षे कमीअधिक सारख्याच प्रमाणात नांदत होता.

पाचवे प्रकरण त्यामुळे पडले. त्याच्या जागी ही चूक कशी झाली, याचे आठ पानांचे प्रकरण आले. ते ठेवावे की नाही याविषयी विद्यार्थिनी साशंक होती. परीक्षक काय म्हणतील, ही तिची भीती. ते ठेवावे असा आग्रह माझा होता, कारण ‘उत्तम निष्कर्ष’ हे शब्द माझ्या हातचे होते आणि तक्ता पाहून ते लिहिताना मी एकही मूळ पान उघडले नव्हते. कार्डांवर काम करणारा माणूस शब्द नाही असे सहसा म्हणत नसे. मला आढळला नाही, असे म्हणे. यंत्र शून्य असा आकडा देते, आणि आपण तो आकडा ‘नाही’ असा वाचतो.

आता आमच्या विभागात संगणकीय मोजणीवर आधारलेला कोणताही निष्कर्ष आला की मी दोन गोष्टी मागते: मोजलेले एकक कोणते ते लिहून द्यावे, आणि निदान वीस पाने डोळ्यांनी वाचून मोजणी पडताळावी. सरांची पेटी कपाटात न ठेवता मी संगणकाच्या टेबलावर ठेवली आहे. विद्यार्थी त्याबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना ‘त’चा कप्पा उघडून दाखवते.