यायला नको

नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. मँचेस्टरहून एक बाई आमचं काम बघायला पुण्यात आल्या होत्या. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत बसलो, काम उरकलं. आता शनिवारी त्यांना उगाच हेलपाटा नको, म्हणून मी हसत म्हणालो, ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो.’

बाईंनी चष्मा काढला. ‘हॅव आय डन समथिंग राँग?’

मला कळेचना. उद्या शाळेत जायला नको म्हटलं की आपल्याकडे पोरं नाचतात. तेच ‘त्यांच्याकडे जायला नको’ म्हटलं की बंदी. ‘नको’ तेच, अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून लावायचा.

घोळ लक्षात आल्यावर बाई हसल्या. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी दोन वाक्यं लिहिली. ‘मस्ट नॉट कम’मधल्या ‘नॉट’पासून बाण काढला तो ‘कम’कडे : न येण्याचीच सक्ती. ‘डोन्ट हॅव टू कम’मधला बाण ‘हॅव टू’वर : सक्तीच नाही, यायचं तर या. शाळेत ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ दोन्हींचा अर्थ आम्ही ‘पाहिजे’ असाच घोकला होता. होकारात सख्खे भाऊ, नकारात भाऊबंदकी!

‘हॅव टू’ म्हणजे आपलं ‘लागणं’, हे मला त्या कागदामुळे उमगलं. जावं लागतं, लागलं, लागेल. ‘मस्ट’ला असं हलताच येत नाही, त्याला भूतकाळ नाही, ‘विल’पुढे तो बसत नाही. (मी एकदा ‘मस्टेड’ म्हणून पाहिलं होतं.) तिथे ‘हॅड टू’, ‘विल हॅव टू’ धावून येतात. ‘कॅन’चंही तेच : ‘पोहता येईल’ म्हणायचं तर ‘विल बी एबल टू’. व्याकरणात या धावून येणाऱ्यांना फ्रेझल मोडल म्हणतात. पण नाव कळून काय उपयोग? बोलताना ‘हॅव टू’चं ‘हॅफ्टा’ होतं, आणि मी कितीतरी दिवस ते ‘हाफ’ समजत होतो.

पुढच्याच आठवड्यात साहेबांना मेल लिहायची होती. फाइल आज पाठवलेली बरी, एवढंच नम्रपणे सुचवायचं होतं. ‘बरं’ला ‘बेटर’ जुळलं, म्हणून ऐटीत लिहिलं, ‘यू हॅड बेटर सेंड द फाइल टुडे.’ त्यात ‘नाहीतर बघा’ असा दम असतो, हे त्या कागदावर नव्हतं.

फाइल दहा मिनिटांत आली. सोबत एक अक्षर नव्हतं.