गोलांचं वजन

१६ मे २०२४, गुरुवार. कोल्हापूर

सुनील छेत्रीनं आज आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी विश्वचषक पात्रता फेरीचा सामना आहे, तो शेवटचा. १५० सामने, ९४ गोल. सध्या खेळणाऱ्यांत देशासाठी याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो आणि मेस्सीचे आहेत.

संध्याकाळी शाहू स्टेडियमबाहेर चहाला जमलो तर तिथंही हाच विषय. आमचा जुना गोली म्हणाला, "मर्दा, त्यातले मालदीवला किती, नेपाळला किती, ते पण सांग की." मेस्सीच्या रांगेत नाव आलं की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. मी सगळी वर्षं स्टॉपर खेळलो. समोरच्या स्ट्रायकरला धरून ठेवताना किती दम निघतो, यावरून मी त्याची किंमत करतो, यादीवरून नाही. पण छेत्रीची यादी इतकी लांब आहे की ती वरवर वाचून भागणार नाही. एकेक गोल उचलून बघायला हवा.

१९ मे, रविवार

आधी विरोधक कोण ते बघू. दक्षिण आशियातले संघ कच्चे आहेत आणि भारताची त्यांच्याशी सारखी गाठ पडते, म्हणजे तिथं गोल जास्त होणारच. २०११ च्या एका सॅफ स्पर्धेत त्यानं ७ मारले. ते सगळे बाजूला ठेवले तर काय उरतं?

१३ ऑगस्ट २००८, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, एएफसी चॅलेंज चषकाची फायनल. ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, त्यात छेत्रीचे ३. त्या विजयानं भारत १९८४ नंतर पहिल्यांदा आशिया चषकात पोचला. एखाद्या गोलाला वजन असतं म्हणजे काय, हे माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुलांना सांगायचं झालं तर मी हाच सामना सांगतो.

८ ऑक्टोबर २०१०, पुणे, बालेवाडी. व्हिएतनामवर ३-१, तिन्ही गोल छेत्रीचे. सामना मैत्रीचा होता, हे मान्य. पण व्हिएतनामनं २००८ साली आग्नेय आशियाचं विजेतेपद घेतलेलं होतं. तो काही लिंबूटिंबू संघ नव्हता.

आणि आता आशिया चषक. २०११ साली दोह्यात भारताचे एकूण ३ गोल झाले, छेत्रीचे २: एक बहारीनला, एक दक्षिण कोरियाला. २०१९ साली अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवलं, त्यात त्याचे २. यंदा जानेवारीत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन सामने आणि एकही गोल नाही. तिन्ही स्पर्धा मिळून भारताचे ७ गोल, त्यांतले ४ एकाचे. यात मालदीव नाही आणि नेपाळही नाही. उद्या हा हिशेब गोलीला ऐकवणार.

२० मे, सोमवार

ऐकवला. तो म्हणाला, "मग यंदा शून्य कसा?" याला उत्तर द्यायला हवं. यंदा तो ३९ वर्षांचा आहे, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर बाकीच्या दहा जणांकडे आहे.

२३ मे, गुरुवार

गोल झाला कसा, तेही बघायला हवं. गेल्या वर्षी २१ जूनला बेंगळुरूत पाकिस्तानला ४-० हरवलं, त्यात छेत्रीची हॅटट्रिक. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत फक्त हॅटट्रिक होती. तीनपैकी दोन गोल पेनल्टीवरचे. पेनल्टी म्हणजे चारांतून तीन वेळा गोल होणारच. संघातला दुसरा कुणीही उभा राहिला असता तरी बहुतेक झाला असता. म्हणून स्ट्रायकरची यादी वाचताना पेनल्टीचं खातं वेगळं मांडावं, या मताचा मी आहे. जगभरचे आकडेवाले आता तसंच करतात.

पण पहिला गोल पुन्हा लावून बघितला. दहावं मिनिट. चेंडू पाकिस्तानच्या गोलीकडे मागे गेला. अशा वेळी शंभरातले नव्वद स्ट्रायकर चार पावलं पळाल्यासारखं करतात आणि थांबतात, कारण तिथं काही मिळत नसतं. छेत्री थांबला नाही. गोलीला कळलं की माणूस येतोय, त्याचा अंदाज चुकला, चेंडू निसटला, आणि पुढचं काम दोन फुटांवरून झालं. यादीत हा 'गोलीच्या चुकीवर मिळालेला गोल' म्हणून लिहिला जातो. चूक करायला लावली कुणी, याचा रकाना कुठंच नसतो. त्याआधी आणि त्यानंतर अशा किती धावा फुकट गेल्या असतील, त्या तर कुणीच लिहून ठेवत नाही.

२६ मे, रविवार

सकाळी मुलांचा सराव. उजव्या विंगवरून क्रॉस, मध्ये दोन स्ट्रायकर, त्यांना धरायला दोन स्टॉपर. शांत स्वभावाचा एक मुलगा आहे, चौदा वर्षांचा. त्याला फर्स्ट पोस्टला पळायला सांगितलं. तो नुसता पळाला नाही. आधी दोन पावलं मागे सरकून स्टॉपरच्या पाठीमागे गेला, स्टॉपरनं मान वळवून त्याला शोधलं, आणि ती मान वळलेली असतानाच हा त्याच्यापुढून पोस्टकडे सुटला. स्टॉपर घाबरून त्याच्यामागे. दुसऱ्या स्टॉपरचाही तोल गेला. चेंडू या मुलाला लागलाच नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून सेकंड पोस्टला गेला, तिथं दुसरा मुलगा एकटा उभा होता. गोल. पोरं त्या दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडली.

मी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, गोल कुणाचा? सगळ्यांनी एकाच मुलाकडे बोट दाखवलं. मग स्टॉपरला विचारलं, तू कुणामुळे जागा सोडलीस? त्यानं शांत मुलाकडे बघितलं.

हे मला त्यांना वयाच्या चौदाव्या वर्षीच शिकवायचं आहे. स्टॉपरची अडचण अशी असते की त्याला चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत हवे असतात. चांगला स्ट्रायकर नेमका जिथून दोन्ही दिसत नाहीत तिथं उभा राहतो, खांद्यामागे. छेत्रीची उंची जेमतेम पाच फूट सात इंच, आणि डोक्यानं मारलेले गोल बघा किती. उंच स्टॉपरच्या वरून त्यानं चेंडू काढलेला नाही. स्टॉपर त्याला शोधत असताना तो आधीच पोचलेला असतो.

६ जून, गुरुवार. रात्री

०-०. सॉल्ट लेक स्टेडियम तुडुंब भरलेलं होतं. उत्तरार्धात रहीम अली एकटा गोलीसमोर होता, गोलीनं अडवला. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यांमधून छेत्री रडत बाहेर गेला. १५१ सामने, ९४ गोल, सरासरी ०.६२.

मला २०१८ ची मुंबई आठवली. १ जूनला अंधेरीत चिनी तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि खुर्च्या रिकाम्या. मग त्यानं व्हिडिओ करून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, पाऊस पडत होता आणि स्टेडियम भरलेलं. भारत ३-०, त्याचे २. त्याच स्पर्धेच्या १० जूनच्या फायनलला पुन्हा केनिया, २-०, दोन्ही त्याचेच. लोकांना बोलावलं आणि आलेल्यांना गोल दाखवले. संघासाठी त्याचं मोल काय, असं विचारणाऱ्यानं तो आठवडा विसरू नये.

१२ जून, बुधवार

काल दोह्यात कतारकडून १-२. छांगटेनं गोल मारून आघाडी दिली होती, छेत्रीशिवाय. मग रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून त्यांनी बरोबरी केली आणि रेफरीनं तो गोल दिला. संताप होतो. तरी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती माझ्या बाजूची नाही: २०१९ साली याच कतारला दोह्यात ०-० रोखलं, तेव्हाही छेत्री आजारपणामुळे मैदानावर नव्हता. त्याच्याशिवाय हा संघ उभाच राहत नाही, असं म्हणता येणार नाही.

१७ जुलै, बुधवार

ऑलिव्हिए जिरूही फ्रान्सच्या संघातून बाहेर पडला. १३७ सामने, ५७ गोल. थिएरी आँरीपेक्षा जास्त. पण त्याची सगळ्यात मोठी स्पर्धा २०१८ चा विश्वचषक, आणि तिथं त्याच्या नावावर एकही गोल नाही. सातही सामने खेळला, गोलच्या चौकटीत एकही फटका नाही, आणि फ्रान्स जगज्जेता. पहिल्या सामन्यात प्रशिक्षक देशाँनं त्याला बाहेर बसवून तीन चपळ पोरं पुढं ठेवली होती. ऑस्ट्रेलियाशी कसाबसा २-१ जिंकल्यावर जिरू परत अकरात आला आणि फायनलपर्यंत राहिला. तो दोन स्टॉपर अंगावर घेऊन उभा राहायचा; म्हणून एम्बापेला पळायला मैदान आणि ग्रीझमनला चेंडू मिळायचा.

जिरूला हे परवडलं, कारण त्याच्या शेजारी एम्बापे होता. छेत्रीनं दोन स्टॉपर ओढून नेले तरी मोकळ्या जागेत जाऊन गोल मारणारा कोण होता? म्हणून जागा करायची त्यानंच आणि गोलही त्यानंच मारायचा. या दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते: स्ट्रायकरचा आकडा बराचसा त्याचे शेजारी ठरवतात.

२० मार्च २०२५, गुरुवार

छेत्री परत आला. काल शिलाँगला मालदीववर ३-०. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, आणि ७६व्या मिनिटाला लिस्टनच्या क्रॉसवर छेत्रीचं डोकं. ९५. नोव्हेंबर २०२३ नंतर भारतानं जिंकलेला हा पहिलाच सामना. २०२४ चं सबंध वर्ष विजयाविना गेलं.

गोली फोनवर म्हणाला, "बघ, पुन्हा मालदीव." हसला नाही, मीही नाही. चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागलं, याचं आम्हा दोघांनाही वाईट वाटत होतं. पण त्याला दया म्हणून बोलावलेलं नाही. या मोसमात आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रशिक्षक खालिद जमीलच्या भारतीय संघानं काल ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक घेतला. छेत्री संघात नव्हता. मनापासून आनंद झाला. उदांतानं बरोबरीचा गोल केला तेव्हा मी घरात ओरडलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फातोर्ड्यात काल सिंगापूरकडून १-२. छांगटेचा १४व्या मिनिटाचा गोल लांबून, देखणा. त्यानंतर सिंगापूरचे दोन. २०२७ चा आशिया चषक गेला. ज्या गोव्यात छेत्री धेंपो आणि चर्चिलकडून खेळला, तिथंच हे व्हावं. त्याच्या नावावर गोल नाही. आज सगळे त्याच्या वयावर लिहितायत. शेजारच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

छेत्री आता कायमचा थांबला: १५७ सामने, ९५ गोल. आणि काल ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बावीस वर्षांत त्यांच्याकडून भारत हरला नव्हता. ज्यांना गोल मारला म्हणून छेत्रीचे गोल हलके म्हणायचे, त्या बांगलादेशला काल आमच्या कुणालाच गोल करता आला नाही. मार्चमध्ये शिलाँगलाही ०-० झालं होतं, आणि तेव्हा तर छेत्री होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कमकुवत म्हटलेल्या संघाविरुद्ध गोल आपोआप होत नाही, तो कुणीतरी मारावा लागतो. आणि मारणारा म्हातारा झाला तर त्यालाही जमत नाही.

त्याच्यामागे कुणी का नाही, याचं उत्तर आयएसएलच्या यादीत आहे. २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आजवर सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. गेल्या मोसमात परदेशी स्ट्रायकर अजाराईचे २३, छेत्रीचे १४. क्लबला सामना जिंकायचा असतो, म्हणून सेंटरला परदेशी स्ट्रायकर येतो आणि भारतीय पोरगा विंगला जातो. आठवडाभर विंगला खेळलेल्याला मग देशासाठी डीमध्ये उभं करतात. स्टॉपरच्या खांद्यामागे लपायचं त्यानं शिकायचं कधी? आमच्या पेठांचे संघही मोठ्या सामन्याला बाहेरचा फॉरवर्ड उतरवतातच.

आज सरावानंतर त्या शांत मुलाचे वडील भेटले. "सर, ह्याला विंगला टाका. क्लबात तितंच जागा मिळती म्हणत्यात." मी म्हटलं, दादा, तुमचं खरं आहे, पण हा पोरगा सेंटरचा आहे. शाळेच्या स्पर्धेत त्याला मी सेंटरलाच खेळवणार, गोल नाही झाले तरी. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, गोल झाले नाहीत तर मग त्याचं चांगलं-वाईट बघणार कशावरून? मी त्यांना शनिवारी सामन्याला बोलावलंय, माझ्याशेजारी, टचलाइनवर. दोन्ही स्टॉपर कुणाकडे बघतात, तेवढंच त्यांना दाखवणार आहे.