सावलीतली मोठी पानं

न्यू जर्सीत लेकाच्या परसातली ती रुंद पानं पाहून सासूबाई हरखल्या. ‘‘अगं, अळू लावलंस की! वड्या करू.’’

अळू नव्हे तो, होस्टा. मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. जपानात त्याचे कोवळे कोंब ‘उरुई’ म्हणून खातात. अमेरिकेत तो शोभेसाठी लावतात आणि खातात ती हरणं! हरणं देखणी खरी, पण एका रात्रीत नुसते देठ उरले की बागवाल्याला विचारा.

सुनेनं निवडली होती ‘एम्प्रेस वू’, 2008 मध्ये नोंदवलेली जात. पुरती वाढली की 4 फूट उंच, पान दीड फुटाचं. मात्र त्याला 5 ते 7 वर्षं लागतात. तोवर गड्डा हलवायचा नाही, फोडायचा नाही. मेपलच्या बुंध्याशी तर लावूच नये; त्याची वरवरची मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात. तिनं सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा धरली, ऐसपैस खड्ड्यात कुजलेला पालापाचोळा भरला. रात्री विजेरी घेऊन बिनशंखाच्या गोगलगायी वेचणं, हा तिचा पावसाळी उद्योग.

सासूबाईंना एक कोंब पुण्याला न्यायचा होता. नाही म्हणणं सुनेच्या जिवावर आलं. होस्टाला हिवाळ्यात कडक थंडीत झोपावंच लागतं. ती मिळाली नाही तर तो खंगत जातो.

‘‘मग हा पुरता वाढणार कधी?’’

‘‘अजून चार उन्हाळे, आई.’’

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. ‘‘म्हणजे मला पुन्हा यावं लागणार,’’ म्हणत त्यांनी पाल्याची टोपली पुढे ओढली.