फाडलेला कोपरा

पोस्टकार्ड. कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेल्याची बातमी. वाचून झालं की कार्ड तिथल्या तिथं फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. लग्नामुंजीचं असलं तर कडेला हळदकुंकू. वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताच कळायचं.

तार. आली म्हटलं की आई आधी खाली बसायची. दादाला नोकरी लागल्याची तारही आमच्याकडे रडतरडतच उघडली गेली. १४ जुलै २०१३च्या रात्री शेवटच्या तारा गेल्या.

चार आणे. ३० जून २०११ला चलनातून बाद. सव्वा रुपया दक्षिणा ठेवायची, तर वरचे चार आणे आता आणायचे कुठून? देवघरातल्या डबीत अकरा नाणी आहेत. पूजेला तीच काढतो, पुन्हा आत ठेवतो.

नाव घातलेली भांडी. दुकानदार विचारायचा, ‘नाव काय घालायचं?’ आणि टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उठायची. आईच्या रुखवतातला एक तांब्या अजून आहे. लग्नात तिचं नाव बदललं, आणि पुढं पन्नास वर्षं सगळ्यांनी तिला नव्या नावानंच हाक मारली. माहेरचं नाव राहिलं ते या तांब्यावर. घासून घासून आता ते डोळ्यांना दिसत नाही. अंगठा फिरवला की लागतं. आई पाणी पिताना अंगठा बरोबर तिथंच ठेवायची. ते मला फार उशिरा कळलं.

कॅसेट. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरल्या, त्या दिवशी मी ते नखानं मोडले होते. पुढं कधीतरी धाकट्यानं एका भोकावर चिकटपट्टी लावली आणि वर रेडिओवरची गाणी भरली. त्याला काय ठाऊक! मी मात्र त्याच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो.

परवा एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला. सैल झालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळली. गाणी, गाणी, मध्येच बातम्या. मग खट्‌ आवाज झाला आणि मागून आजी आली. ओव्या संपल्या होत्या. ती खोकली, जरा थांबली आणि म्हणाली, ‘चालू आहे का रे अजून?’