खडकीची भेट

आमचे बेळगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव. सैन्यात गेलेला विद्यार्थी रजेवर आला, की शाळेत डोकावल्यावाचून राहत नाही. असाच एक गुणी विद्यार्थी, सेवेत असताना वाहन दरीत कोसळून, कमरेखाली निश्चेष्ट झाला. त्याला भेटण्यासाठी गतवर्षी मी पुण्याजवळच्या खडकीस गेलो. सांत्वनाची चार वाक्ये आगगाडीतच जुळवून ठेवली होती.

मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी येथे १९७४ साली पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. आत शिरलो तो एक निवासी दातांत कुंचला धरून निसर्गचित्र रंगवीत होता. माझी दोन वाक्ये तेथेच गळाली.

अशा केंद्रांना वाट दाखविली ती इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिलने. तेथे १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी जखमी सैनिकांना खाटेवरून उठवून कामाला आणि खेळाला लावले. २९ जुलै १९४८ रोजी सोळा जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्य ओढले. त्यातूनच पॅरालिम्पिक क्रीडा उदयास आल्या. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, ते याच क्रीडांत.

त्याच स्टोक मँडव्हिलशी संबंधित मानसशास्त्रज्ञ पॉल केनेडी व त्यांच्या सहकाऱ्याने २००९ साली तेहतीस विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. इजा कोणत्या मणक्यात झाली, हे डॉक्टर सांगतात. रुग्ण तिचा अर्थ काय लावतो, हे ही विधाने विचारतात. भीती, अविश्वास, निर्धार, स्वतःच्या हाती काय उरले याची जाण, सारे त्यात येते. कारण इजा सारखी असली, तरी दोन मने ती सारखी तोलीत नाहीत.

मी विद्यार्थ्याला विचारले, “मनाला कसं वाटतं रे?”

“सर, स्वप्नात अजून चालतो. सकाळी सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. काही दिवस जमतो, काही दिवस नाही.”

उरलेली दोन वाक्येही मी गिळली.

निघताना तो म्हणाला, “स्नेहसंमेलनाला येईन म्हणतो. पण दाराशी तीन पायऱ्या आहेत ना?”

परतताच मी प्रथम त्या पायऱ्या मोजल्या. चार होत्या. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावणे धाडले.