ठिगळ दिसता कामा नये

गेल्या शनिवारी माळा आवरायला काढला. दर दिवाळीला "यंदा नक्की" म्हणून पुढे ढकललेलं काम. एक बंद पडलेला मॉनिटर, इंजिनिअरिंगच्या नोट्स (का ठेवल्यात देव जाणे), आणि एका ट्रंकेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं वांगी रंगाचं सुती लुगडं. उलगडलं तर मधोमध एक आडवी शिवण. हात लावताच ओळखलं. आमच्या सिंधूचं लुगडं!

तर गोष्ट २००७ सालची. ऑफिसमध्ये वार्षिक नाट्यस्पर्धा होती, प्रत्येक प्रोजेक्टची एक टीम. आमचा दिग्दर्शक एरवी डेटाबेस सांभाळायचा, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट लहान प्रमाणात करताच येत नसे. इतर टीम्स बॉस-क्लायंटचे विनोदी स्किट बसवत होत्या, आणि यानं काय निवडावं? गडकऱ्यांचा 'एकच प्याला'. चाळीस मिनिटांत. पदं वगळून.

ऑडिशनमध्ये माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. म्हणून मला दोन कामं मिळाली. एक, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळातला मुका सभासद. दोन, वेशभूषा. "तुझं काय ते कपड्यांचं तू बघ," एवढंच रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. बजेट दीड हजार.

पहिल्याच रविवारी सदाशिव पेठेत नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात गेलो. "नऊवारी हवीय," म्हणालो. काकांनी न बघता विचारलं, "लावणी का?" आणि समोर झगमगत्या जरीच्या, आधीच शिवून ठेवलेल्या नऊवाऱ्यांचा ढीग टाकला. मी म्हटलं, "नाही, सिंधू आहे. एकच प्याला." ते क्षणभर थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मग ती इथे नाही मिळायची. ती घरात शोधा."

पगड्या, कोट आणि धोतरं मात्र मिळाली. पगडी डोक्याच्या मापाप्रमाणे बांधलेली असते हे तेव्हा कळलं. आमच्या सुधाकराची कानापर्यंत खाली आली. शेवटी आतून वर्तमानपत्राची घडी घालून ती वर चढवली.

"घरात शोधा" हे काकांनी सहज म्हटलं असेल. मला ते लागलं, कारण आमच्या घरात शिलाई मशीन होतं आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आई शिवणकाम करायची. कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारावर पाटी होती: 'येथे ब्लाऊज शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.' माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतली निम्मी फी त्या मशीननं भरली. कॉलेजात कुणी विचारलं, तर मी "आई घरीच असते" असं सांगायचो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. २००४ मध्ये नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या दिवशी पेढे घेऊन घरी आलो आणि पाटी काढून टाकली. "आता तुला शिवायची गरज नाही." केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! आई काही बोलली नाही. महिन्याभरानं मशीनवर नवा टीव्ही आला.

तर त्या रविवारी मी आईला म्हटलं, "एक लुगडं फाटकं करून द्यायचंय." तिनं टीव्ही म्यूट केला. सगळं ऐकून घेतलं, आणि मग पहिला प्रश्न: "तिचा नवरा काय करतो?" मी म्हटलं, वकील आहे, पण दारू पिऊन सनद घालवतो. "म्हणजे चांगल्या घरातली. मग तिचं लुगडं मुळात चांगलं असणार." डोमेन नॉलेज म्हणतात ते हेच!

टीव्ही जमिनीवर आला. मशीनला तेल पाजलं गेलं. मंगळवारी बोहारीण आली तेव्हा आईनं जगाच्या उलटा व्यवहार केला: जुने कपडे देऊन भांडं घेण्याऐवजी पैसे देऊन जुनं लुगडं घेतलं. चाळीस रुपये.

मी तोवर डिझाईन करून ठेवलं होतं. लाल, पिवळी, हिरवी अशी चार मोठी ठिगळं, शेवटच्या रांगेतूनही दिसतील अशी. कागदावर स्केचसुद्धा काढलं होतं. आईनं ते पाहिलं आणि हसली. मग म्हणाली, "अरे, ठिगळ दाखवायला लावतात का? दिसू नये म्हणून लावतात. तू काढलंयस ते सोंगातलं."

मी वाद घातला. नाटक आहे, लांबून दिसायला हवं, वगैरे. तिनं लुगडं उजेडात धरलं. "हे बघ, कुठे विरलंय? बसायच्या जागी. लुगडं दोन्ही टोकांना फाटत नाही, मध्ये फाटतं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड तुकडे जोडायचे. दंड घालायचा. नेसताना ती शिवण निऱ्यांत लपवायची. बाहेरच्याला कळत नाही."

"मग प्रेक्षकांना कसं कळणार?"

"लुगडं आखूड होतं ना! नऊ वाराचं आठ होतं. निऱ्या कमी पडतात. आणि पदर पुरत नाही."

मी गप्प. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, एवढा हिशोब मला येत होता. त्यातला एक वार कमी झाला की बाईच्या कुठल्या हालचाली बदलतात, हा हिशोब मला कुणी शिकवलेला नव्हता.

पुढचे दोन आठवडे आमचं घर म्हणजे कारखाना. धोतरं भाड्यानं आणलेली, पांढरीशुभ्र. दिव्यांखाली असा पांढरा रंग डोळ्यांत खुपतो, चेहरे काळवंडतात, हे दुकानदार काकांनीच सांगितलं होतं. त्यांची परवानगी घेऊन धोतरं चहाच्या पाण्यात बुचकळली. (घरात चार दिवस चहाचा वास. पिताना मात्र चहा संपलेला.) सुधाकराचा कोट जुन्या बाजारातून साठ रुपयांना आणला. कोपरांवर पॉलिशपेपर घासला. आईनं दर प्रवेशाला एक बटण कमी करायचं ठरवलं. तिसऱ्या प्रवेशात तिनं एक बटण वेगळ्या रंगाचं लावलं. "हे सिंधूनं लावलंय," ती म्हणाली, "तिला सारखं मिळालं नाही." गडकऱ्यांच्या नाटकात नसलेला प्रवेश आईनं एका बटणात लिहिला होता.

आमची सिंधू टेस्टिंगमधली. जन्मात सहावारीसुद्धा दोनदाच नेसलेली. तालमीला ती जीन्सवर ओढणी घेऊन रडायची आणि दिग्दर्शक डोकं धरून बसायचा. एका शनिवारी मी तिला घरी आणलं. (आईची ओळख करून देताना "आईला शिवणाची आवड आहे" म्हणालो. आवड! आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.) आईनं तिला दंडाचं लुगडं नेसवलं, काष्टा घातला आणि म्हणाली, "आता जात्यावर बस बरं." जातं म्हणून आम्ही पाट उलटा ठेवला होता. ती बसली, हात पुढे केला आणि पदर खांद्यावरून घसरला. तिनं तो ओढला. पुन्हा घसरला. मग तिनं डाव्या हातानं पदर धरून ठेवला आणि उजव्या हातानं दळायला लागली.

"काकू, हे असंच व्हायचं का?"

"असंच व्हायचं गं. म्हणून एका हातानं दळायचं."

दिग्दर्शक दोन आठवडे जे सांगत होता, ते त्या वारभर कमी कापडानं पाच मिनिटांत करून दाखवलं.

हे नाटक गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं १९१९ साली, गडकरी गेले त्याच वर्षी. सिंधू करायचे बालगंधर्व. त्यांच्या शालूंची, नेसण्याची, वेणीची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या, हे आपण ऐकलेलंच असतं. पण 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी होऊन डोळे दिपवणारा हा नट सिंधू होऊन दरिद्री घरात जात्याशी बसायचा, तेव्हा कपड्यांचा थाट हाताशी नसायचाच. भरजरी नेसून मिरवणं एक वेळ जमेल, विरलेलं नेसून अब्रूनं बसणं कठीण. मला हे बालगंधर्वांची चरित्रं वाचून नाही, पाटावर बसलेल्या एका टेस्टरकडे बघून कळलं.

प्रयोगाच्या दिवशी माझी फजिती ठरलेलीच होती. धोतर आईनं नेसवलं होतं, पण मध्ये एकदा बाहेर जाऊन आल्यावर मी ते स्वतः नेसलो. आर्यमदिरामंडळाची सभा भरली, मी पेला उंचावला आणि मागे काहीतरी सैल झाल्याचं जाणवलं. उरलेला प्रवेश मी एका हातात पेला आणि एका हातात काष्टा धरून, डुलत डुलत, भिंतीला पाठ लावून काढला. नंतर एका परीक्षकांनी "त्या मागच्या मुक्या दारुड्याचं काम सहज होतं" असं आवर्जून सांगितलं. :-)

शेवटच्या प्रवेशात सिंधू जात्याशी बसली. पदर धरला. सभागृहात, जिथे तोवर शिट्ट्या चालल्या होत्या, तिथे कुणी खोकलंसुद्धा नाही.

आम्ही दुसरे आलो. आणि वैयक्तिक बक्षिसांत 'उत्कृष्ट वेशभूषा' म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. फॉर्मवर फक्त कर्मचाऱ्यांची नावं चालत होती, म्हणून माझं लिहिलं होतं. एवढंच. मी स्टेजवर गेलो. हातात माईक आला. आई सहाव्या रांगेत बसली होती. ठेवणीतली साडी नेसून.

मी म्हणालो, "थँक्स टू माय टीम."

किती सोपं होतं! "हे सगळं माझ्या आईनं शिवलंय, ती शिवणकाम करते." एका वाक्याचं काम. पण समोर मॅनेजर होता, इतर टीम्स होत्या, आणि ते वाक्य घशापर्यंत येऊन परत गेलं. ठिगळ दिसता कामा नये, नाही का?

रिक्षात आई म्हणाली, "तुझा काष्टा सैल होता." आणि थोड्या वेळानं, "ती मुलगी छान बसली हं." बक्षिसाबद्दल ती तेव्हा बोलली नाही, नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आलो तर टीव्ही जमिनीवरच होता आणि मशीनवर शेजारच्या काकूंचा ब्लाऊज. त्यानंतर टीव्हीला मी वेगळं टेबल आणलं. पाटी मात्र नव्हती. ती मी रद्दीत दिली होती.

गेल्या शनिवारी लुगडं घेऊन खाली आलो. आई आता सत्तरीला आलीय. तिनं शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "इथे एक टाका उसवलाय." सुई-दोरा काढला. सुईत दोरा काही जाईना. माझ्याकडे सुई पुढे केली.

मी दोरा ओवून दिला. तिनं टाका घातला. मग मी तिला सांगितलं, सतरा-अठरा वर्षांपूर्वी माईकवर जे सांगायचं राहिलं ते. ती शिवत होती. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "माहितीय मला. घडी घाल नीट."